मेकडू मास्तर

आमच्या गावात सकाळी बांधीकडे, म्हणजे धानाच्या शेताकडे, निघालेल्या माणसाला मांजर आडवं गेलं तर तो घटकाभर थांबून पुढे जायचा. मास्तर आडवे गेले तर मात्र उत्तर दिल्याशिवाय सुटका नसे. तोंडात कडुनिंबाची काडी, खांद्यावर पंचा, एक हात रस्त्यात आडवा धरलेला, आणि प्रश्न ठरलेला.

"चूक. मेक की डू?"

समोरचा माणूस शाळेचं तोंडही न पाहिलेला. खांद्यावर नांगर, मागे बैल. तो "मेक" म्हणून पाहायचा. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली तर "डू" म्हणायचा. उत्तरं होती दोनच. हात खाली आला की पुढे व्हायचं. माणसांचं सोडा, बैलांनाही सवय झाली होती. मास्तरांच्या अंगणापाशी आले की कुणी न थांबवता उभे राहायचे आणि "शाबास" ऐकू आलं की आपणहून चालू लागायचे. ते शाबास आपल्यालाच आहे असा काही बैलांचा समज असावा. तो चुकीचा होता असंही मी म्हणणार नाही.

त्यांचं नाव गोविंदराव. आडनावही होतं, पण गावानं ते वापरात ठेवलं नाही. लहानथोर सगळे त्यांना मेकडू मास्तर म्हणत, आणि मास्तरांना त्यात काही वावगं वाटत नसे. "राजेलोकांना किताब असतात," ते म्हणत, "मला हा मिळाला."

तरुणपणी ते जंगल खात्यातल्या एका इंग्रज साहेबाचे कारकून होते. तिथे त्यांनी एकदा आपल्या हातून झालेली चूक साहेबाला इंग्रजीत सांगितली, आणि सांगताना 'मेक'च्या जागी 'डू' घातलं. साहेब हसला. "तोंडावर नाही हसला," मास्तर सांगत. "मिशीत हसला. तोंडावरचं हसू माणूस विसरतो. मिशीतलं नाही विसरत." त्या दिवसापासून मास्तरांनी इंग्रजीतली ही रोजच्या वापरातली, एकमेकांसारखी दिसणारी क्रियापदं पकडायला सुरुवात केली, आणि एकेकाच्या शेपटीला कोणकोणते शब्द बांधलेत ते पाठ करून टाकले. पुढे नोकरी सोडून गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजूला मास्तरकी केली. मी पाहिलं तेव्हा तीही संपली होती. बायको फार पूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. घरी एकटेच असत. गावातल्या पोरांना संध्याकाळी फुकट मॅट्रिकचं इंग्रजी शिकवत, आणि ती पोरं पास होत.

त्यांचा सिद्धांत असा होता. मराठी माणसाजवळ 'करणे' हे एकच क्रियापद, आणि तेवढ्यावर त्याचा सगळा संसार चालतो. तो भात करतो, लग्न करतो, कटकट करतो, उपकार करतो आणि शेवटी 'आता काय करू' म्हणून कपाळाला हात लावून बसतो. "इंग्रजानं मात्र दोन ढोल्या केल्या," मास्तर म्हणत. ढोली म्हणजे धान साठवायची, बांबूची शेणानं सारवलेली मोठी कणगी. "एक मेकची, एक डूची. जे केल्यावर मागे उरतं ते मेक. जे केलं की संपलं ते डू. भात केला, उरला, मेक. भांडी घासली, काय उरलं? सकाळी होती तेवढीच भांडी. डू."

"अन् चूक?" कुणीतरी विचारायचंच.

"चूक उरते. जन्मभर उरते. म्हणून मेक."

"अन् उपकार?"

"तो करून सोडून द्यायचा. हातात धरून ठेवला तर उपकार कसला. डू."

हे ऐकलं की माणूस खांद्यावरचा नांगर खाली टेकवी. इंग्रजी कळलं म्हणून नव्हे, तर सकाळी सकाळी कुणी असं काही बोलेल ही तयारी नसे म्हणून.

फक्त माझ्या सासूबाईंनी त्यांना एकदा पकडलं होतं. इंग्रज अंथरूणही 'मेक' करतो असं मास्तरांनी सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "रोज घालतो, रोज काढतो. त्याच्यात का उरते, मास्तर?"

मास्तरांनी बराच विचार केला. "इंग्रजाची झोप वेगळी," ते म्हणाले, आणि निघून गेले.

देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती. लोक त्यांना चिडवत. "मास्तर, साहेब गेला. आता त्याची बोली कायले?" मास्तर गावाच्या तलावाकडे बोट दाखवत. "हा तलाव ज्यांनी बांधला ते पणजोबा गेले. मग आता काय, पाणी सोडायचं भोक बुजवून टाकता?" आमच्याकडे तलावाचं नाव घेतलं की वाद संपतो.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय मास्तर पुढे सरकणार नाहीत. मी गोंदियाची. वडील राईस मिलमध्ये कामाला. सतराव्या वर्षी लग्न होऊन मी या गावात आले ती मॅट्रिक नापास होऊन. हसू नका. त्या काळी मॅट्रिक नापास ही पदवी होती. मुलीला तर फारच मोठी. लग्नाच्या बोलणीत वडिलांनी ती दोनदा सांगितली होती. मी नापास झाले होते एका इंग्रजीत, आणि गंमत अशी की तोरा मिरवत होते त्याच इंग्रजीचा. हातात भरतकामाचा रुमाल, पायात चपला, आणि अंगणातल्या कोंबड्या मधे आल्या तरी "एक्स्क्यूज मी". कोंबड्या बाजूला होत नसत. सासूबाई पाहत असत. एक दिवस त्यांनी नुसतं "हट" म्हटलं आणि सगळ्या पळाल्या. "तुह्या इंग्रजीत ताकद कमी पडते, पोरी," त्या म्हणाल्या.

त्याच वर्षी गावात मुलींचा वर्ग उघडायचं ठरलं. बाई हवी होती, आणि बाई मॅट्रिक पास हवी होती. मी घरात विषय काढला. माझे यजमान खालच्या मानेनं "बघा" म्हणाले. मामंजी गावचे पाटील. त्यांनी तंबाखू मळत मळत निकाल दिला.

"एक डाव बस. पास झाली तं शाळा. नाही झाली तं बांधी. मंग पुन्हा नाव काढायचं नाही."

नापासांसाठी दिवाळीच्या आधी दुसऱ्यांदा परीक्षा व्हायची. हातात पावसाळा तेवढा होता. मास्तरांना बोलावणं गेलं. ते आले, ओसरीवर बसले आणि मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, "सूनबाई, सर्दी झाली तर इंग्रज काय करतो?"

"औषध घेतो," मी म्हणाले.

"सर्दी पकडतो. कॅच. आपल्याला सर्दी होते, तो सर्दी पकडतो. शिकारी जात आहे ती. तिच्याशी गाठ आहे तुमची. रुमाल ठेवा खाली."

मी रुमाल खाली ठेवला. पुढे तो कुठे गेला मला माहीत नाही. बहुतेक सासूबाईंनी त्याचं भांडी धरायचं फडकं केलं.

एक गोष्ट मला तेव्हा कळायला हवी होती, पण माझं सगळं लक्ष स्वतःकडे होतं. मास्तर वेळेच्या आधी यायचे. शिकवणी संपली तरी उठायचे नाहीत. गावातली मोठी पोरं आता गोंदियाला वसतिगृहात राहून शिकत होती. संध्याकाळी मास्तरांच्या अंगणात कुणी येत नव्हतं. त्यांना विद्यार्थी अशी मी एकटीच होते. मला वाटायचं, माझ्या हुशारीनं हे थक्क होतात म्हणून थांबतात.

शिकवणीला लय सापडते न सापडते तोच रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आली. रोवणीला गावात माणूस म्हणून शिल्लक राहत नाही. आणि ज्या घरची बांधी, त्या घरच्या बाईनं रांगेत उभं राहायचं, ही रीत. मजूर बायका चिखलात आणि घरची सून ओसरीवर पुस्तक घेऊन, हे सासूबाई तर सोडाच, देवही चालवून घेणार नाही. मी तोंड पाडून मास्तरांना म्हणाले, "आता शिकवणी बंद."

"बंद?" मास्तर म्हणाले. "बांधीत भिंती आहेत का?"

दुसऱ्या दिवशी ते काळी छत्री घेऊन आमच्या बांधावर हजर. आम्ही बायका गुडघाभर चिखलात, वाकलेल्या. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हातानं रोवायचं आणि मागे सरकायचं. रोवणीत कुणी पुढे जात नाही. सगळे मागे मागे जातात. मास्तरांना ते फार आवडलं. "अभ्यासाची खरी रीत हीच," ते बांधावरून गरजले. "केलेलं डोळ्यांसमोर, आणि पाय नव्या चिखलात. हं, सूनबाई. मिस्टेक."

"मेक," मी खाली मानेनं पुटपुटले.

"ऐकू आलं नाही."

"मेक वो मेक," रांगेतली पार्बता ओरडली. ती पिढ्यान्‌पिढ्यांची गाणी सांगणारी बाई होती. तिनं एक ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी मागून धरायची, असं दिवसभर चालायचं. "मास्तर, हे असं कोरडं कोरडं नका सांगू. आमच्या हाताले चाल लागते. चालीत घाला."

मास्तर गडबडले. क्रियापदांना चाल असते असं साहेबानं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. पण पार्बतानं वाट पाहिली नाही. तिनं माझ्या सासूबाईंकडे एक नजर टाकली आणि सुरू केलं:

"सासूनं केली चूक वो बाई..."

"मेक बाई मेक," अख्खी रांग.

"सुनेनं केला उपकार वो बाई..."

"डू बाई डू."

मी हसू दाबायला गेले आणि रोप उलटं लावलं. सासूबाईंनी मान वर केली नाही. दोन रोपं रोवली, मागे सरकल्या, आणि त्यांच्या खणखणीत आवाजात उत्तर दिलं:

"सुनेनं केला कल्ला वो बाई..."

"मेक बाई मेक."

"सासूनं केलं काम वो बाई..."

"डू बाई डू."

बांधावर मास्तरांची छत्री हवेत गेली. "करेक्ट. चारही करेक्ट," ते ओरडले, आणि त्या आनंदात एक पाऊल जिथे बांध नव्हता तिथे टाकलं. गुडघ्यापर्यंत चिखलात गेले, मग मटकन खाली बसले. आम्ही धावलो. त्यांनी आम्हाला हात करून थांबवलं आणि बसल्या बसल्याच सांगितलं, "पडणं. लक्षात ठेवा. मेकही नाही, डूही नाही. हॅव. इंग्रज पडतो तेव्हाही त्याला काहीतरी मिळालेलं असतं."

"तुमाले का मिळालं, मास्तर?" पार्बतानं विचारलं.

"उदाहरण," मास्तर म्हणाले.

रोवणी संपेपर्यंत हे असं चाललं. शेजारच्या बांधीतल्या बायकांनी आमची गाणी उचलली. बाजाराच्या दिवशी गोरेगावला गेलं तर भाजी विकणारी बाई तोंडातल्या तोंडात "डू बाई डू" म्हणत वांगी तोलायची. मामंजी जेवताना म्हणाले, "येवढं रोवलं या वर्षी, पर धान उगवते का इंग्रजी, ते कापनीलेच समजन." मला सगळं पाठ झालं होतं. इतकं पाठ झालं होतं की मी पुन्हा तोऱ्यात आले आणि गोंदियाला परीक्षेला निघाले ती नवीन शाईचं पेन आणि केसाला रिबीन लावून.

इंग्रजीचा पेपर समोर आला. पहिल्याच पानावर गाळलेल्या जागा. सगळ्या मास्तरांच्या घरच्या. मी पेन उघडलं आणि डोकं रिकामं झालं. मेक नाही, डू नाही, काही नाही. सुटीतल्या वर्गासारखी नुसती शांतता. मला दिसायला लागलं ते मामंजींचं तंबाखू मळणं. एक डाव. मंग बांधी.

आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. कंबर आपोआप वाकली. डाव्या हाताची मूठ अशी वळली जशी तिच्यात रोपांची जुडी आहे. तोंडातून बारीक आवाजात चाल निघाली, आणि चालीबरोबर शब्द एकामागून एक येऊन जागेवर बसू लागले. मी लिहीत होते. एक जागा भरली की पाय मागे सरकत होते. माझ्याबरोबर बाकही सरकत होता. मागच्या मुलीची दौत जेव्हा माझ्या पाठीला लागली, तेव्हा देखरेखीवरचे गृहस्थ आले. हिंदी बोलणारे, चष्म्यातून वाकून पाहणारे.

"बहनजी, यह क्या हो रहा है?"

"रोवणी," मी खरं ते सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, पेपरकडे पाहिलं. माणूस खेड्यातून आलेला असावा. "ठीक है," ते म्हणाले, "मगर आगे की तरफ करो. पीछे लोग बैठे हैं।"

रोवणी पुढच्या दिशेनं होत नाही, हे त्यांना समजावत बसायला वेळ नव्हता. मी बाकाचे पाय माझ्या पायांनी धरून ठेवले आणि उरलेलं जागच्या जागी रोवलं.

निकाल लागला तेव्हा धान कापून खळ्यात आलं होतं. माझे यजमान गोंदियाहून वर्तमानपत्र घेऊन सायकलनं आले. त्या माणसाला मी आयुष्यात एकदाच सायकलवर उभं राहिलेलं पाहिलं, ते त्या दिवशी. मामंजींनी तंबाखू थुंकली आणि म्हणाले, "मंग शाळा." एवढंच. पण संध्याकाळी खळ्यात मळणी करणाऱ्या बायका गोळा झाल्या तेव्हा त्यांचा आनंद माझ्याहून मोठा होता. त्यांच्या हिशेबानं मी पास झालेच नव्हते. पास झाली होती रांग.

"पेपरात मायं नाव कोनत्या बाजूले हाये?" पार्बतानं विचारलं.

सगळा गाव येऊन गेला. मास्तर आले नाहीत. माझी परीक्षा झाल्यापासून सकाळी रस्त्यातही त्यांचा हात आडवा झाला नव्हता.

मला वाटलं, रुसले. गुरूनं शिष्याकडे कसं यायचं, आपण जायला हवं होतं, असं काहीतरी. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई मला घेऊन निघाल्या. नव्या धानाचे पोहे, नारळ, धोतर. मास्तरांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते. अंगण स्वच्छ झाडलेलं होतं. मास्तर खाटेवर बसले होते. आम्हाला पाहून उठले, मी पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. आणि लगेच आवाज चढवला.

"इंग्रजीत किती?"

मी गुण सांगितले.

"काठावर," मास्तर म्हणाले. "काठावरचा माणूस आज ना उद्या पाण्यातच पडतो. पुन्हा बसा."

"पुन्हा? मास्तर, मी पास झाले."

"याला पास म्हणत नाहीत. मेक आणि डू म्हणजे नुसतं अंगण. घरात अजून पाऊलही नाही टाकलं तुम्ही. आत टेक आहे. गिव्ह आहे. पुट आहे. गेट तर एवढं आहे की माणसाचा जन्म जाईल. उद्या संध्याकाळी टेक काढू."

माझं नाक लाल झालं. सगळ्या गावानं कौतुक केलं आणि ज्यानं करायचं तो खोड काढतो. मी त्या वेळी अठरा वर्षांची मॅट्रिक पास बाई होते. मी ताठ उभी राहून म्हणाले, "मास्तर, मला सोमवारपासून शाळेत जायचंय. उद्या आता कशाला?"

"खरंच," मास्तर म्हणाले. "उद्या आता कशाला."

चार बांध्यांपलीकडे पोचणारा तो आवाज. त्या वेळी तो खाटेखालीही पोचला नसता.

सासूबाई सरळ चुलीपाशी गेल्या. दुसऱ्याच्या चुलीपाशी न विचारता जाणं त्यांच्या हिशेबात बसत होतं. त्यांनी भांड्यावरचं झाकण काढून पाहिलं, राखेत बोट घातलं.

"मास्तर, चूल काऊन थंडी हाये?"

"भूक नव्हती."

"आज का कालपासून?"

मास्तर धोतराची घडी उलगडून पुन्हा घालत होते. मग सासूबाईंकडे न बघता बोलले. "पाटलीणबाई, इतकी पोरं पास केली मी. पास झालेला पोरगा नारळ घेऊन येतो, पाया पडतो, आणि पुन्हा येत नाही. येणार कशाला? त्याचं काम झालं. असंच व्हायला पाहिजे, त्याचसाठी शिकवायचं असतं." त्यांनी धोतर खाटेवर ठेवलं. "पण दर वेळी मागून दुसरा यायचा. या खेपेला मागे कुणी नाही."

मला पुस्तकातली चांगली चांगली वाक्यं आठवत होती आणि एकही उपयोगाचं नव्हतं. सासूबाईंनी मात्र पदर खोचला आणि जमिनीवर मांडी घालून बसल्या.

"मंग मले बसवा," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"मॅट्रिकले."

मास्तरांनी विचारलं, "तुम्हाला अक्षरओळख आहे का?"

"नाही."

"मग फार वेळ लागेल."

"लागू द्या. मले कोन्ती घाई हाये? हे आता शाळेत जाऊन राहिली. सांजच्यान मी घरात एकटी का करू? पर एक सांगतो. मी इकडं येनार नाही, चूल सोडून मले जमत नाही. तुमीच या. अन् शिकवता शिकवता जेवा. उपाशी मानसाचं इंग्रजी मले समजनार नाही."

"फार वेळ लागेल," मास्तर पुन्हा म्हणाले. पण आता ते असं म्हणाले, जसं कुणी काठोकाठ भरलेल्या तलावाकडे पाहून म्हणावं, की यंदा पाण्याची चिंता नाही.

दुसऱ्या संध्याकाळपासून मास्तर आमच्याकडे यायला लागले. सासूबाई चुलीपुढे, मास्तर पाटावर, मधे कंदील. मामंजी पलंगावरून ऐकत आणि मधून मधून "हे का बोलून राहिले" विचारत. मास्तरांचा दरारा परत आला. सकाळी रस्त्यात पुन्हा हात आडवा होऊ लागला, बैल पुन्हा थांबू लागले. ते पोटभर जेवत आणि जेवता जेवता रागावत, कारण त्यांना इतका मठ्ठ विद्यार्थी जन्मात मिळाला नव्हता. सासूबाई अक्षरं शिकल्या, शब्द शिकल्या, आणि तिथे अडकल्या. आज बरोबर सांगितलेलं उद्या चुकायचं. आमचा जिल्हा आधी मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात आला. सासूबाई 'टेक'च्या पुढे गेल्या नाहीत.

मला आश्चर्य वाटायचं. रोवणीत वाकल्या वाकल्या दोन्ही ओळी बरोबर जुळवणारी बाई ही. खळ्यातल्या पोत्यांपासून गावातल्या सोयरिकींपर्यंत हिच्या डोक्यातून काही निसटत नाही. आणि कंदिलापुढे बसली की हिला काल काय शिकवलं ते आठवत नाही? मी तेव्हा शाळेत चांगली मुरलेली बाई होते. मुलं कशी शिकतात यावर मी गावात बोलत असे.

एक दिवस मास्तरांनी नेहमीसारखा एक प्रश्न विचारला. सासूबाईंनी भाताचं झाकण उचललं, वाफ पाहिली, आणि शांतपणे चुकीचं उत्तर दिलं. मला राहवलं नाही. मी पाणी भरता भरता बरोबर उत्तर सांगितलं.

सासूबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "तू चूप बस," त्या म्हणाल्या. "पास झालेल्यानं मधात बोलू नये."

"अगदी बरोबर," मास्तर म्हणाले, आणि ताट भाताकरता पुढे सरकवलं.